अंतर कुठून मोजायचे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत एक विषय दर वर्षी हटकून असतो : 'विज्ञानाने जग जवळ आणले'. वक्ते बदलतात, भाषण बदलत नाही. पूर्वी काशीला जाणारा माणूस घरच्यांचा शेवटचा निरोप घेऊन निघत असे, आणि आज मुंबईत रात्री जेवलेला माणूस सकाळची न्याहारी लंडनला करतो, हे वाक्य आले की टाळ्या पडतात. वाक्य खोटे नाही. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि थेट विमान ते साडेनऊ-दहा तासांत कापते. माझा आक्षेप त्या वाक्यातल्या एकाच शब्दावर आहे, तो म्हणजे 'मुंबईत जेवलेला'. तो माणूस मुंबईत जेवला कसा? तिथे तो आधी पोचला कधी आणि किती वेळात? आपल्या जिल्ह्यातल्या माणसासाठी प्रवासाचा हिशेब तिथून सुरू होतो, आणि कोष्टकात नेमका तोच भाग नसतो.

त्याआधी विज्ञानाचे जे देणे आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वाटेत जवळजवळ दोन महिने गेले. तेव्हा त्यांचे वय अठरा होते, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गातल्या मुलींएवढे. तीस वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले तेही बोटीनेच. आज मुंबई-न्यूयॉर्क हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर विमान पंधरा-सोळा तासांत तोडते. दोन महिन्यांचे सोळा तास होणे ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईहून लंडनला जाणारी एअर इंडियाची पहिली विमानफेरी ८ जून १९४८ रोजी निघाली. विमानाचे नाव होते 'मलबार प्रिन्सेस'. कैरो आणि जिनिव्हा इथे टेकत ते लंडनला गेले. ही तारीख वाचली तेव्हा मला दुसरी एक तारीख आठवली. ज्या रात्री मुंबईहून लंडनचे विमान उडाले त्या रात्री बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त व्हायला, म्हणजे १७ सप्टेंबर उजाडायला, अजून तीन महिने नऊ दिवस जायचे होते. मुंबईला विमानाने परदेश गाठता येऊ लागला तेव्हा आम्हांला आमचाच देश गाठायचा राहिला होता.

आता हे हवाई अंतर मोजतात कसे, तेही थोडे पाहू, कारण त्यातच माझा मुद्दा दडलेला आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सर्वांत जवळची वाट असते असे आपल्याला वाटते. तसे नाही. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ पुष्कळदा लांबची वाट असते. भूगोल विभागातला पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा घ्यावा, दोन शहरांवर टोके धरून ताणावा. तो दोरा जिथून जाईल ती खरी जवळची वाट. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणले ते उत्तर ध्रुवावरून. भिंतीवरच्या नकाशात ही वाट वेडेपणाची वाटेल. दोऱ्याला विचारा, तो तिकडेच जातो.

जमीन आपल्याला सपाट का दिसते, याचे उत्तर भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात आठशे-पाऊणेनऊशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. पृथ्वी फार मोठी, माणूस फार लहान, आणि परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. (भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड म्हणजे आपले बीडच, असे काही अभ्यासक मानतात, काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. हा वाद विद्वानांनी मिटवावा. तोवर आपण हक्क सोडायला नको.)

दुसरी मौज वेळेची. मुंबईहून लंडनला जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा यायला कमी लागतो, साधारण पाऊण-एक तासाने. असे का, हे आमच्या वर्गात विचारले तर निम्मी मुले सांगतील की पृथ्वी फिरते म्हणून. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतालची हवाही फिरते. चालत्या एस. टी. त लिंबू वर उडवले तर ते मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, आपल्याच हातात येते. विमान हे त्या लिंबासारखे आहे. वेळेतला फरक पडतो तो वाऱ्यामुळे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणजे किलोमीटर तेच, तास वेगळे.

इथवर निसर्गाचा कारभार झाला. पण तासांवर माणसाचाही हात असतो. मुंबई ते लंडन असा दोरा पृथ्वीगोलावर ताणला तर तो पाकिस्तानवरून इराणात शिरतो, पुढे काळ्या समुद्राच्या बाजूने युक्रेनवरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने वळसा घालू लागली, प्रवास लांबला, अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. दिल्ली जागची हलली नव्हती, न्यूयॉर्कही नाही. पृथ्वीगोलावरचा दोरा तेवढाच होता. तरीही दोन शहरे एकमेकांपासून लांब गेली, कारण कुणीतरी एका कागदावर सही केली होती.

सही केल्याने अंतर वाढते, तसे सही न केल्याने ते तसेच राहते. हा दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे.

अंबाजोगाईहून मुंबई सडकेने पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर आहे. एस. टी. ने जायला अकरा-बारा तास लागतात; वाटेत गाडी बिघडली, घाटात ट्रक आडवा झाला तर देव जाणे. म्हणजे मुंबईहून लंडनला जायला जो वेळ लागतो, त्याहून थोडा जास्तच वेळ अंबाजोगाईहून मुंबईला जायला लागतो. एकीकडे ७,२०० किलोमीटर, दुसरीकडे पाचशेसुद्धा नाहीत. वेळ हेच माप धरले, तर मुंबईच्या माणसाला लंडन जितके जवळ आहे तितकी मुंबई आम्हांला जवळ नाही. 'जग जवळ आले' म्हणणाऱ्या वक्त्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

कोणी म्हणेल, मुंबईला कशाला जाता, छत्रपती संभाजीनगरला विमानतळ आहे, तिथून मुंबईचे विमान तासाभरात पोचवते. खरे आहे. पण अंबाजोगाईहून संभाजीनगर दोनशेच्या वर किलोमीटर, एस. टी. चे पाच-सहा तास. विमानतळावर दोन तास आधी पोचायचे. मग तो एक तास. धरूर-वडवणीच्या डोंगरातल्या माणसाला त्यात आपल्या वाडीपासून मोठ्या रस्त्यावर येण्याचा वेळ मिळवायचा. विमानाने वाचवलेला वेळ बसस्टँडवर केव्हाच खर्च झालेला असतो.

रेल्वेची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे, तरी ती पुन्हा सांगायला हवी, कारण पाठ झालेल्या गोष्टीचा राग येत नाही. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी, बीडला, नव्हती. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली. बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. अहिल्यानगर ते बीड हे १६५-१७० किलोमीटर. त्याला मंजुरीपासून तीस वर्षे लागली. वर्षाला साडेपाच किलोमीटर पडतात. हा वेग बैलगाडीचा नाही. बैलगाडी हे अंतर आठवड्यात तोडते. आणि बीडच्या पुढचा परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशी राहिलाच होता.

त्या दिवशी स्टेशनवर लोटलेली गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. म्हाताऱ्या माणसांनी इंजिनाला हात लावून नमस्कार केले असतील तर त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्यांनी रेल्वेसाठी मोर्चे काढले त्यांतले किती जण ती पाहायला उरले, असा प्रश्न मात्र पडतो. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल पहिल्या गाडीच्या दिवशी तीस वर्षांचे होते. त्याचे शाळा-कॉलेज, नोकरीची खटपट, वय निघून जाणे, सगळे एस. टी. च्या पत्र्याखाली झाले.

अलीकडे आमचे काही मित्र हिरिरीने सांगतात की बीडलाही विमानतळ हवा. शेजारी लातूरला झाला, नांदेडला झाला, आम्हीच काय घोडे मारले? त्यांच्या अभिमानाशी माझे भांडण नाही. केंद्र सरकारची 'उडान' योजना २०१६ साली आली, तीत तासाभराच्या उड्डाणासाठी काही जागांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत ठेवायचे ठरले होते. साध्या चप्पल घालणाऱ्या माणसालाही विमानात बसता यावे, असा त्यामागचा उद्देश सांगितला गेला. उद्देश चांगलाच होता. पण २,५०० रुपये म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाची आठ-दहा दिवसांची खुरपणी. अंतराला किलोमीटर आणि तास यांच्याबरोबर तिसरे एक माप आहे, ते पैशाचे, आणि गरिबाच्या घरात पहिल्यांदा तेच लावले जाते. मार्च २०२३ मध्ये एस. टी. त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे एकही गाव एक किलोमीटरनेसुद्धा जवळ आले नाही, एकही गाडी पाच मिनिटे लवकर पोचली नाही. तरीही आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे कॉलेज जवळ आले. विमानतळासाठी जमीन शोधणाऱ्यांनी या अर्ध्या तिकिटाचाही विचार करावा.

आणि आता ज्यांच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याविषयी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-साताऱ्याकडे, थेट कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, पेंढी, शेळी, लेकरे. तीनशे किलोमीटर जायला एक रात्र, एक दिवस आणि वर पुन्हा अर्धी रात्र लागते. हे तीनशे किलोमीटर विमानाला पंचवीस मिनिटांचे. माझे आईवडील या वाटेने चौदा हंगाम गेले आहेत. त्यांना अंतर विचारले तर ते किलोमीटरही सांगत नाहीत आणि तासही सांगत नाहीत. ते म्हणतात, "सहा महिन्यांवर हाय."

आमच्या भागात जवळ-लांब ठरवण्याची एक जुनी कसोटी आहे : मातीला पोचता येते की नाही. माणूस गेल्याचा निरोप आल्यावर माती होण्याच्या आत जो पोचतो तो जवळचा, मग तो कितीही मैलांवर असो. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे दुःख आपण लेखांतून, नाटकांतून ऐकलेले असते : आई गेली आणि मुलगा पोचू शकला नाही. ते दुःख खरे आहे. पण तो मुलगा निघाला तर सोळा तासांच्या विमानात बसू शकतो, आणि त्याच्यासाठी एक दिवस शवपेटी ठेवता येते. माझी एक मावशी कर्नाटकातल्या फडावर होती तेव्हा माझी आजी गेली. फोन पाच मिनिटांत लागला. अंतर साडेतीनशे किलोमीटर. मुकादमाने उचलीचा हिशेब काढला, दोघांचा कोयता, एकटी गेली तरी तोड बंद पडणार, खाडा धरला तर दंड. शिवाय त्या वेळी गाडी मिळेल कुठे. मावशी दहाव्याला आली. न्यूयॉर्कहून निघालेला माणूस तिच्या आठ दिवस आधी पोचला असता.

म्हणून मला वाटते की अंतराचे खरे माप माणसाच्या पायांतल्या मोकळेपणाचे आहे. ज्याला हवे तेव्हा निघता येते त्याला जग जवळ. ज्याला निघायला कुणाची तरी परवानगी लागते, कुणाचे तरी पैसे फेडायचे असतात, त्याला शेजारचा तालुकासुद्धा परदेश. फोनने आवाज जवळ आला हे खरे, आणि त्याचे उपकार आहेत. पण आवाज पोचला आणि माणूस पोचला नाही, तर दुःख कमी होत नाही, ते फक्त लवकर कळते.

आमचे एक सर म्हणाले, तू विमानावर उगाच राग काढतोस. विमानातून औषधे जातात, टपाल जाते, शास्त्रज्ञ जातात, त्याचा लाभ शेवटी सर्वांना होतो. सरांचे म्हणणे मला पटते. विमानावर माझा राग नाहीच. मला स्वतःला त्यात एकदा बसायचे आहे, आणि खिडकीजवळ बसायचे आहे. माझा राग कोष्टकावर आहे. दोन मोठ्या शहरांची नावे, मध्ये किलोमीटर, पुढे तास, आणि आपण ते पाठ करून परीक्षेत लिहितो, जणू माणसे विमानतळावरच जन्मतात.

याचा त्रास पुस्तकापुरता असता तर सोडून दिला असता. स्पर्धा परीक्षेचे केंद्र पुण्याला येते. सकाळी नऊला हजर राहायचे असते. पुण्यातला मुलगा घरून झोपून उठून, चहा पिऊन जातो. आमचा मुलगा आदल्या रात्री गाडीत बसतो, उभ्याने किंवा चाकावरच्या सीटवर, पहाटे स्वारगेट-शिवाजीनगरला उतरतो, नळावर तोंड धुतो आणि त्याच पेपरला बसतो. निकालात गुण छापतात, झोप छापत नाहीत. दोन गुणांनी गेला म्हणून त्याला घरी बोल लावतात. त्या दोन गुणांचे किलोमीटर कुणी मोजत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत परीक्षा केंद्रे वाढवणे हे विमानतळ बांधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तातले काम आहे.

माझी एक सूचना आहे, ती भूगोल विभागाने आणि विद्यार्थी मंडळाने मनावर घ्यावी. कॉलेजच्या दाराशी, जिथे हवामानाचा तक्ता लावतात तिथे, आणखी एक तक्ता लावावा. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यात आपले गाव लिहावे आणि पुढे चार रकाने भरावेत : गावापासून कॉलेज, तालुक्याचा दवाखाना, रेल्वे स्टेशन आणि विमानतळ. किलोमीटर लिहायचेच, पण त्यापुढे उंबऱ्यापासून लागणारा वेळ, पहिल्या गाडीची वेळ आणि तिकीटही लिहावे. वर्षाअखेर तो तक्ता या वार्षिकांकात छापावा आणि एक प्रत एस. टी. च्या आगाराला द्यावी. तक्ता भरायला मी माझ्यापासून सुरुवात करतो. गाव ते कॉलेज २२ किलोमीटर. वेळ पाऊण तास. पहिली गाडी सकाळी पावणेआठला. पहिला तास साडेसातला.